फुलपाखरांचे जवळून छायाचित्रण आणि संख्येची नोंद : आधी मोजणी, मग कॅमेरा

गणपती उठले की टेकड्यांवर कॅमेरे घेऊन फिरणाऱ्यांची संख्या वाढते आणि त्यांच्यापैकी बरेच जण नोव्हेंबर संपता संपता छातीठोकपणे सांगू लागतात, की यंदा फुलपाखरे कमी झाली किंवा वाढली. हा निष्कर्ष बहुतेक वेळा मोबाइलमध्ये किती छायाचित्रे साठली यावरून काढलेला असतो. परंतु छायाचित्रांची संख्या ही आपण किती वेळ थांबलो, ऊन कसे होते आणि कोणते फुलपाखरू निवांत बसले होते यावर अवलंबून असते. उंचावरून सरळ निघून जाणारे कॉमन जेझेबेल छायाचित्रात येत नाही, फुलावर पाच मिनिटे बसणाऱ्या प्लेन टायगरची मात्र वीस छायाचित्रे निघतात. म्हणून छायाचित्रण आणि मोजणी ही दोन वेगळी कामे आहेत, ती एकाच सकाळी करता येतात पण एकाच वेळी करता येत नाहीत, आणि त्यांचा क्रम बदलला तर दोन्ही बिघडतात, हे गृहीत धरूनच पुढील टप्पे मांडले आहेत. उदाहरणे पुण्याच्या वेताळ टेकडीसारख्या शहरालगतच्या झुडपी टेकडीची घेतली आहेत. कोकणातल्या किंवा विदर्भातल्या वाचकांनी वेळा आणि वनस्पती आपल्या भागाप्रमाणे बदलून घ्याव्यात.

टप्पा १ : वाट ठरवणे

मोजणीसाठी जागा सुंदर असण्यापेक्षा ती घराजवळ असणे अधिक महत्त्वाचे आहे. ताम्हिणीला किंवा आंबोलीला वर्षातून दोनदा जाऊन केलेल्या नोंदींतून जातींची यादी तयार होते, संख्येतील बदल मात्र कळत नाही. जिथे दर आठवड्याला, कंटाळा आला तरी, जाता येईल अशी पाचशे मीटर ते एक किलोमीटर लांबीची पायवाट निवडावी.

१. वाट निवडण्यापूर्वी ती दोन-तीन वेळा नुसती चालून पाहावी. वाटेवर उघडे गवत, झुडपे, झाडांची सावली आणि शक्य असल्यास थोडी ओल असे वेगवेगळे भाग असावेत. केवळ घाणेरीच्या फुललेल्या जाळीजवळून जाणारी वाट घेतली, तर ती जाळी तोडल्या दिवशी तुमची सगळी नोंदमाला कोसळते.

२. वाटेचे पाच ते आठ तुकडे पाडावेत. तुकडे समान लांबीचे असण्याची गरज नाही. जिथे झाडोरा बदलतो तिथे तुकडा बदलावा. खुणेसाठी हलणार नाहीत अशाच गोष्टी घ्याव्यात : मोठा खडक, विजेचा खांब, पाण्याची टाकी. झाडाला रंग फासू नये आणि खिळा ठोकू नये.

३. प्रत्येक तुकड्यातील खाद्यवनस्पतींची यादी करावी. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि दोन वर्षांनी पस्तावतात, कारण फुलपाखरांची संख्या का बदलली याचे उत्तर पुष्कळदा याच यादीत असते. प्लेन टायगरचे सुरवंट रुईवर वाढतात, लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मनचे लिंबू व कढीपत्त्यावर, कॉमन ग्रास यलोचे टाकळ्यावर, कॉमन एमिग्रंटचे बहाव्यावर, कॉमन कॅस्टरचे एरंडावर, जेझेबेलचे बांडगुळावर, कॉमन बॅरनचे आंब्यावर, तर क्रिमझन रोझचे सापसंदावर. पायाखाली तुडवली जाणारी अंबुशी ही पेल ग्रास ब्लूची खाद्यवनस्पती आहे, तेव्हा 'तण' म्हणून ती यादीतून वगळू नये.

ज्यांना टेकडी नाही त्यांनी सोसायटीची बाग किंवा शाळेचे आवार घ्यावे आणि चालण्याऐवजी एका ठरलेल्या जागी पंधरा मिनिटे उभे राहून मोजावे. त्याची किंमत कमी नाही. फक्त ही पद्धत आणि चालण्याची पद्धत यांचे आकडे एकमेकांत मिसळू नयेत.

*इशारा :* अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान किंवा राखीव वनातील वाट असेल तर वनविभागाची परवानगी आधी घ्यावी. फुलपाखरांच्या अनेक जातींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. फुलपाखरे पकडण्याची जाळी घेऊन जाण्याची या कामाला कुठेही गरज पडत नाही.

टप्पा २ : साहित्याची तयारी

मोजणीला नोंदवही, पेन्सिल, घड्याळ आणि वाऱ्याचा अंदाज घेण्यापुरती समज एवढे पुरते. पेन्सिलच घ्यावी, ऑक्टोबरच्या अवेळी पावसात शाई पसरते. दोन मीटरवरही फोकस होणारी दुर्बीण मिळाली तर उत्तम, कारण तिच्यामुळे जवळ न जाता जात ओळखता येते.

छायाचित्रणासाठी ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून चित्र घेणारी, लेन्स सर्वांत सोयीची. तिच्यात एकास एक आकाराचे, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरवर खऱ्या आकाराइतकेच, चित्र मिळते, परंतु तेवढ्यासाठी लेन्सचे तोंड फुलपाखरापासून साधारण पंधरा सेंटिमीटरवर न्यावे लागते, हे विकत घेण्यापूर्वी लक्षात घ्यावे. ज्यांच्याकडे ५५-२५० किंवा ७०-३०० मिलिमीटरची साधी झूम लेन्स आहे, त्यांनी तिच्यापुढे लावायची चांगली क्लोज-अप भिंग घेतली तरी काम होते, आणि थोडे लांबूनही घेता येते हा वेगळा फायदा.

मोबाइलवाल्यांची एक चूक फार पसरलेली आहे. अनेक फोनमधील 'मॅक्रो' ही सोय अल्ट्रा-वाइड लेन्सवर चालते आणि तिच्यासाठी फोन दोन-तीन सेंटिमीटरवर न्यावा लागतो. एवढ्या जवळ फोन नेईपर्यंत त्याची सावली पडते आणि फुलपाखरू उडते. त्याऐवजी दुप्पट किंवा तिप्पट झूमची लेन्स निवडावी, अर्धा मीटर लांब राहावे, पडद्यावर बोट दाबून फोकस बांधून घ्यावा आणि नंतर चित्र कापून घ्यावे.

अंगावरचे कपडे मातकट किंवा मळकट हिरवे असावेत, बूट पूर्ण पाय झाकणारे असावेत. पावसाळ्यानंतरच्या गवतात साप, गोचीड आणि दिवाळीच्या सुमारास खाजकुइली या तिन्हींची शक्यता असते. खाजकुइलीची कुसे हाताला लागल्यावर त्याच हाताने कॅमेरा डोळ्याला लावणे म्हणजे काय, हे अनुभवलेल्या माणसाला विचारावे.

*निघण्यापूर्वी तपासा :* कॅमेऱ्याचे आणि फोनचे घड्याळ एकसारखे आहे का? फोनमध्ये स्थळनोंद सुरू आहे का? कार्डात जागा आहे का? घड्याळ चुकले तर छायाचित्र आणि नोंदवहीतील ओळ यांची सांगड नंतर लागत नाही.

टप्पा ३ : ओळख पक्की करणे

महाराष्ट्रातील सगळी फुलपाखरे ओळखता आल्याशिवाय मोजणी सुरू करू नये, असे मुळीच नाही. मात्र आपल्या वाटेवरील नेहमीच्या वीस-पंचवीस जाती उडताना ओळखता आल्या पाहिजेत. त्यासाठी पहिला हंगाम सरावाचा समजावा. त्या हंगामातील आकडे जपून ठेवावेत पण तुलनेत घेऊ नयेत, कारण दुसऱ्या वर्षी जाती वाढलेल्या दिसतात त्या बहुधा आपली नजर तयार झाल्यामुळे.

ओळखीत पुढील तीन ठिकाणी सर्वाधिक घोटाळा होतो.

पहिला घोटाळा ऋतुरूपांचा. कॉमन इव्हनिंग ब्राउन पावसाळ्यात पंखांच्या खालच्या बाजूवर डोळ्यांसारखे ठळक ठिपके घेऊन येते आणि कोरड्या ऋतूत तेच फुलपाखरू वाळक्या पानासारखे, ते ठिपके जवळजवळ नाहीसे झालेले, असे दिसते. ही दोन रूपे वेगवेगळ्या जाती म्हणून लिहिली की एक 'कमी झाली' आणि दुसरी 'वाढली' असे दिसते, प्रत्यक्षात काहीच घडलेले नसते. लेमन पॅन्सी आणि ग्रास यलो यांच्यातही असाच फरक पडतो.

दुसरा घोटाळा नकलेचा. डॅनेड एगफ्लायची मादी प्लेन टायगरची हुबेहूब नक्कल करते. बसलेल्या फुलपाखराच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी काळे ठिपके दिसले तर ते प्लेन टायगर. तिथे ठिपके नसतील तर एगफ्लायची मादी असण्याची शक्यता पाहावी. कॉमन मॉर्मनच्या माद्याही कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझचे रूप घेतात. रोझचे अंग लाल असते, मॉर्मनचे काळे.

तिसरा घोटाळा आग्रहाचा. ग्रास यलोच्या तीन-चार जाती किंवा छोट्या ग्रास ब्लू उडताना वेगळ्या ओळखणे अनुभवी माणसालाही जमत नाही. तिथे नाव रेटून न लिहिता 'ग्रास यलो – गट', 'ग्रास ब्लू – गट' असे लिहावे आणि हे गट पुढील सर्व वर्षे तसेच ठेवावेत. एका वर्षी गट आणि दुसऱ्या वर्षी जाती, असे केले तर दोन्ही वर्षे वाया जातात.

नावांची यादीही एकच वापरावी. राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन कुणी राणी पाकोळी म्हणून लिहितो, कुणी नीलवंत म्हणून. वहीत यांपैकी एकच काय ते असावे.

टप्पा ४ : मोजणीची फेरी

ही फेरी कॅमेरा पिशवीत ठेवून करायची आहे. गळ्यात असला तर हात जातोच.

१. वेळ. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये सकाळी नऊ ते साडेअकरा, थंडीत दहा ते बारा, उन्हाळ्यात आठ ते दहा अशा वेळा ठरवून घ्याव्यात आणि दर वर्षी त्या त्या ऋतूत त्याच पाळाव्यात. वेळ अचूक कोणती यापेक्षा ती दर वर्षी तीच असणे मोलाचे आहे.

२. हवा. पाऊस, दाट ढग किंवा झाडांच्या फांद्या सतत हलवणारा वारा असेल तर फेरी करू नये, दुसऱ्या दिवशी करावी. सुरुवातीला ऊन, वारा आणि ढग यांची नोंद करावी. मध्येच ढग आले तर कोणत्या तुकड्यात आले तेही लिहावे.

३. मोजायची जागा. आपल्या डाव्या-उजव्या बाजूला अडीच-अडीच मीटर, समोर पाच मीटर आणि वर पाच मीटर, एवढी एक काल्पनिक पेटी आपल्याबरोबर चालते असे समजावे. या पेटीत आलेलेच फुलपाखरू मोजावे. पेटीबाहेर कितीही देखणे फुलपाखरू दिसले तरी ते समासात, वेगळे लिहावे. इंग्लंडमध्ये अर्नेस्ट पोलार्ड यांनी घालून दिलेली आणि १९७६ पासून तिथल्या देशव्यापी मोजणीत वापरली जाणारी पद्धत मुळात एवढीच आहे.

४. चाल. एक किलोमीटरला साधारण चाळीस मिनिटे लागतील अशी संथ, एकसारखी चाल ठेवावी. मागे वळून मोजू नये. तेच फुलपाखरू पुन्हा पुढे आले याची खात्री असेल तर दुसऱ्यांदा मोजू नये. खात्री नसेल तर मोजावे. शंकेचा नियमही दर फेरीला एकच हवा.

५. अनोळखी फुलपाखरू. त्याच्यासाठी थांबता येते, पण थांबताना वेळ लिहावी, फोनने एक-दोन पुराव्यापुरती छायाचित्रे घ्यावीत आणि थांबलेल्या काळात पेटीत आलेले दुसरे काहीही मोजू नये. एक-दीड मिनिटात ओळख पटली नाही तर 'अनोळखी, लहान, निळसर' असे लिहून पुढे निघावे.

दोघे असल्यास एकाने पाहावे, दुसऱ्याने लिहावे, आणि ही वाटणी मध्येच बदलू नये. दोघांनी मोजून मोठा आकडा धरण्याची पद्धत उत्साहाची असली तरी चुकीची आहे.

*इशारा :* एप्रिल ते जून आणि पुन्हा पावसाळ्यानंतर ब्लू टायगर, कॉमन क्रो यांचे थवे स्थलांतर करताना दिसू शकतात. असा दिवस आला तर त्या जातींची नेहमीची मोजणी वेगळी ठेवावी. एका जागी उभे राहून, दोन खुणांमधील रेषा दर मिनिटाला किती फुलपाखरे कोणत्या दिशेला ओलांडतात ते दहा मिनिटे मोजावे आणि 'स्थलांतर' असे स्पष्ट लिहावे. अन्यथा एका सकाळचा थवा संपूर्ण वर्षाचा आकडा फुगवतो.

*फेरी संपल्यावर तपासा :* प्रत्येक तुकड्यासमोर काहीतरी लिहिले आहे का? एकही फुलपाखरू न दिसलेल्या तुकड्यासमोर शून्य घातले आहे का? शून्य म्हणजे 'पाहिले, दिसले नाही'. फेरीच झाली नसेल तर तिथे आडवी रेघ हवी. या दोन चिन्हांतील फरक पुसला गेला की वही वाचता येत नाही, आणि माझ्या मते नवशिक्यांच्या नोंदींतील हा सर्वांत मोठा दोष आहे.

टप्पा ५ : परतीच्या वाटेवर छायाचित्रण

आता कॅमेरा काढावा. मोजणी करताना कोणते फुलपाखरू कोणत्या झुडपावर रेंगाळत होते ते आपल्याला कळलेले असते, त्यामुळे शोधाशोध वाचते.

जागा निवडणे. फुलपाखराचा पाठलाग करणे व्यर्थ आहे. लेमन पॅन्सी किंवा डॅनेड एगफ्लायचा नर आपल्या हद्दीतील ठरावीक दगडावर किंवा पानावर पुन्हा पुन्हा येऊन बसतो. तो उडाला तरी जागा सोडू नये, उलट त्या दगडाशेजारी सूर्याकडे पाठ किंवा खांदा करून, आपली सावली दगडावर पडणार नाही अशा रीतीने बसून घ्यावे. ओढ्याकाठच्या ओल्या वाळूवर क्षार शोषण्यासाठी जमलेले नर, आणि एकदांडीच्या फुलांवर मधुरस घेणारी लहान फुलपाखरे ही सुरुवातीच्या सरावाला सर्वांत सोपी. सकाळच्या गार हवेत ऊन शेकत पंख उघडून बसलेली फुलपाखरे मिळतात, तर भर उन्हात तीच पंख मिटून बसतात किंवा सतत उडत राहतात. वरच्या बाजूचे चित्र हवे असेल तर लवकर, खालच्या बाजूचे हवे असेल तर नंतर, असा साधा हिशेब ठेवावा.

जवळ जाणे. सर्व चुका इथे होतात, म्हणून क्रम नीट पाळावा. दोन मीटरवर असतानाच पहिले छायाचित्र घ्यावे, मग ते कितीही साधे येवो; फुलपाखरू उडाले तरी नोंद हाती राहते. खाली बसायचे तर तिथेच बसावे. उभ्याने जवळ जाऊन शेवटच्या क्षणी वाकणारा माणूस फुलपाखराला वरून कोसळणाऱ्या शत्रूसारखा दिसतो. सोंड फुलात गेली आहे हे पाहून एक पाऊल पुढे सरकावे, थांबावे, एक चित्र घ्यावे, पुन्हा सरकावे. फुलपाखराने पंख फडफडवले किंवा सोंड गुंडाळली तर गोठल्यासारखे थांबावे. हात, कोपर किंवा पट्टा ज्या फांदीला लागेल तीच फांदी पुढे फुलपाखरापर्यंत गेलेली असते, हे खाली वाकण्यापूर्वी पाहून घ्यावे.

समतल. जवळून घेतलेल्या चित्रात फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो ती, फारच थोडी असते : फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर एकास एक आकारात, एफ ८ ला (हा अ‍ॅपर्चरचा, म्हणजे लेन्समधील प्रकाशाच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तितके छिद्र लहान), सुमारे एक मिलिमीटर, निम्म्या आकारात साधारण तीन मिलिमीटर. त्यामुळे मिटलेल्या पंखांचे चित्र घेताना कॅमेऱ्याची पाठ पंखाच्या पृष्ठभागाला समांतर ठेवणे हा एकमेव उपाय आहे. चित्र घेतल्यावर ते मोठे करून दोन ठिकाणी पाहावे : डोळा आणि मागच्या पंखाची खालची कड. दोन्ही स्पष्ट असतील तर कॅमेरा समांतर होता. डोळा स्पष्ट आणि कड पुसट असेल तर शरीर डावी-उजवीकडे किंचित हलवावे. अ‍ॅपर्चर आणखी लहान करण्याचा मोह टाळावा, कारण एफ १६ च्या पुढे एकूण चित्रच मऊ पडू लागते.

मापे. एफ ८ ते एफ ११, बसलेल्या फुलपाखराला १/२५० ते १/५०० सेकंद शटर, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ४०० ते ८०० येथून सुरुवात करावी. टेल्ड जे मधुरस घेतानाही पंख थरथरवत राहते. त्याला १/१००० किंवा अधिक लागते. ऊन कमी असेल तर शटर कमी करण्याऐवजी आयएसओ वाढवावा, कारण दाणेदार चित्रावरून जात ओळखता येते, हललेल्या चित्रावरून येत नाही. गडद पानांच्या पार्श्वभूमीवर पांढरे किंवा पिवळे फुलपाखरू असेल तर कॅमेरा फसतो आणि पंखांवरील नक्षी जळून जाते. अशा वेळी एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप उतरवावे (एक स्टॉप उतरवणे म्हणजे प्रकाश निम्मा करणे). उजळ आकाशासमोरच्या कॉमन क्रोसाठी नेमके उलट करावे. फ्लॅश वापरलाच तर त्यावर पांढरा, पसरट डिफ्यूजर (प्रकाश मऊ करणारा पडदा) लावावा. उघड्या फ्लॅशने पंखांचा खरा रंग बदलतो आणि निळ्या जातींची ओळख चुकते.

फोकस हाताने एका जागी बांधून, शरीर किंचित पुढे-मागे झुलवत, तीन-चार चित्रांचे छोटे बर्स्ट (पाठोपाठ झपाट्याने टिपलेली चित्रे) घेणे जवळच्या अंतरावर अधिक भरवशाचे असते. लांबलचक बर्स्ट घेऊन घरी चाळत बसण्यात अर्थ नाही.

ओळखीसाठी लागणाऱ्या बाजू. देखणे चित्र एक पुरते, ओळखीला किमान दोन लागतात : पंखांची खालची बाजू आणि वरची बाजू. निळ्या फुलपाखरांच्या कुळात आणि स्किपरमध्ये (जाड अंगाची, झपझप उडणारी फुलपाखरे) ओळखीच्या खुणा बहुतेक खालच्या बाजूला असतात, तेव्हा तिथे उघड्या निळ्या पंखांचे कितीही चांगले चित्र अपुरे ठरते. स्पर्शिकेचे टोकही दिसू द्यावे. फुलपाखराच्या स्पर्शिकेला टोकाशी गाठ असते, स्किपरची टोकाला आकडीसारखी वळलेली असते, आणि बहुतेक पतंगांची तशी नसते. फुलपाखरू ज्या झाडावर बसले आहे त्याच्या पानाचेही एक चित्र घ्यावे. मादी पानाला पोट टेकवून अंडे घालत असेल तर ते झाड म्हणजे खाद्यवनस्पतीची पक्की नोंद असते.

*काय करू नये :* फुलपाखरू शांत बसावे म्हणून त्याला फ्रिजमध्ये ठेवणे, दवबिंदू दिसावेत म्हणून पाणी फवारणे, पंख चिमटीत धरून हवी तशी बसवणे, 'पार्श्वभूमी मोकळी व्हावी' म्हणून फांद्या मोडणे. कोषातून नुकतेच बाहेर पडलेले, मऊ पंख लोंबत असलेले फुलपाखरू दिसले तर लांबूनच एक चित्र घेऊन निघून जावे. त्याला धक्का लागून ते खाली पडले तर पंख वाकडेच वाळतात. जोडीला उडवू नये. लिंबाच्या पानावरची पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी घाण पुसण्यापूर्वी नीट पाहावी, कारण लाइम बटरफ्लायचे लहान सुरवंट नेमके तसेच दिसतात.

टप्पा ६ : त्याच दिवशीचे काम

संध्याकाळपर्यंत स्मरण ताजे असते, रविवारपर्यंत नसते. वहीतील आकडे तक्त्यात त्याच दिवशी चढवावेत. एका ओळीत तारीख, सुरू व संपल्याची वेळ, हवा, तुकडा, जात, संख्या एवढे असावे. छायाचित्राच्या फाइलला तारीख, वाट, तुकडा आणि जात या क्रमाने नाव द्यावे. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस लिहिला की फाइली आपोआप रांगेत लागतात. ओळख नक्की नसेल तर जातीच्या जागी 'अनिश्चित' लिहावे. मूळ फाइल कधीही कापू नये, कापलेली प्रत वेगळी ठेवावी.

छायाचित्रे आयनॅचरलिस्टसारख्या सार्वजनिक नोंदस्थळावर द्यायची असल्यास दोन्ही बाजूंची चित्रे एकाच नोंदीत द्यावीत. संगणकाने सुचवलेले नाव डोळे मिटून स्वीकारू नये. आपल्याकडच्या ग्रास यलो आणि ग्रास ब्लू यांच्या बाबतीत ते वारंवार चुकते. एक गोष्ट स्पष्ट असू द्यावी : या नोंदी कोणती जात कुठे आहे हे सांगतात. ती वाढली की घटली, हे आपल्या वहीतून कळते.

पंखांची अवस्थाही लिहावी. एखाद्या आठवड्यात बहुतेक फुलपाखरे ताजी, कडा अखंड असलेली दिसली तर नवी पिढी बाहेर पडली आहे; सर्वांचे पंख झिजलेले व रंग उडालेले असतील तर पिढी संपत आली आहे. पुढच्या आठवड्यातील घसरण मग अनपेक्षित वाटत नाही.

टप्पा ७ : आकडे वाचणे

प्रत्येक जातीचा साप्ताहिक आकडा घ्यावा आणि हंगामाची बेरीज करावी. समजा, सप्टेंबरच्या चार आठवड्यांत प्लेन टायगरचे आकडे ६, ९, —, ७ असे आहेत. तिसऱ्या आठवड्यात पावसामुळे फेरीच झाली नाही, तेव्हा तिथे आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची सरासरी, म्हणजे ८, धरावी आणि बेरीज ३० मानावी. तिथे शून्य धरले असते तर बेरीज २२ आली असती आणि एका पावसाळी रविवारने प्लेन टायगर पावपट घटवले असते. सलग दोन-तीन आठवडे बुडाले असतील तर मात्र ही भरपाई करू नये. त्या हंगामापुढे 'अपुरा' असे लिहावे.

तुलना नेहमी त्याच आठवड्यांची करावी. ऑगस्टचा आकडा नोव्हेंबरशी किंवा मे महिन्याचा सप्टेंबरशी लावून काही हाती येत नाही. मान्सून उशिरा आला तर गवत, तण आणि त्यामागून फुलपाखरे हे सगळेच पुढे सरकते. म्हणून वहीत पहिल्या दमदार पावसाची तारीख असावी आणि त्या वर्षीचा उच्चांक कोणत्या आठवड्यात आला तेही पाहावे. बेरीज तेवढीच आणि उच्चांक दोन आठवडे पुढे, असे असेल तर ती घट नव्हे.

कीटकांची संख्या एका वर्षात कित्येक पटींनी खाली-वर होते. म्हणून दोन वर्षांच्या फरकावरून बोलू नये. पाच वर्षांनी एखादी दिशा जाणवू लागते आणि विश्वासाने काही सांगायला दहा वर्षांच्या आसपास लागतात. हे ऐकून पुष्कळांचा उत्साह मावळतो, पण त्याला इलाज नाही.

घट खरी वाटली तर तुकड्यांकडे वळावे. सर्वच तुकड्यांत सर्वच जाती कमी असतील तर कारण बहुधा हवामानाचे किंवा मोजणाऱ्या माणसाचे असते. नवीन मोजणारा आला आहे का, वेळ बदलली आहे का, हे आधी तपासावे. एकाच तुकड्यात एकच जात कमी असेल तर टप्पा १ मधील वनस्पतींची यादी काढून तिथे जावे : रुई तोडली गेली का, फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा लागला का, गवत फुलण्याआधीच कापले का, सोसायटीने कीटकनाशक फवारले का. बांडगूळ काढून टाकलेल्या आंब्याखाली जेझेबेलच्या फेऱ्या कमी होणे यात गूढ काही नाही, पण बांडगूळ कधी काढले हे वहीत नसेल तर तो केवळ तर्क राहतो.

वाट स्वतःच बदलली, म्हणजे रस्ता रुंद झाला, भिंत आली किंवा एखादा तुकडा बंद झाला, तर उरलेले तुकडे तसेच मोजत राहावेत आणि बंद झालेल्या तुकड्याचे जुने आकडे सर्व वर्षांच्या तुलनेतून वगळावेत. त्याच्याऐवजी घेतलेल्या नव्या तुकड्याला नवा क्रमांक द्यावा; जुना क्रमांक पुन्हा वापरू नये.